मधल्या बेअरिंगचा अर्धा थाऊ

मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो, पण माझा हात मूळचा गॅरेजमधला आहे आणि तो चांगला आहे. यात नम्रपणाचा आव आणण्यात अर्थ नाही. नागपुरात बाबांचं ट्रॅक्टर आणि डिझेल इंजिनं दुरुस्त करायचं गॅरेज होतं, आणि इंजिनिअरिंगच्या चारही वर्षांच्या सुट्ट्या मी तिथे ग्रीसमध्ये बरबटून काढल्या. पुढे पुण्यात नोकरी, मग लग्न, मग बायकोला पोर्टलीशच्या हॉस्पिटलात डॉक्टर म्हणून काम मिळालं म्हणून आयर्लंड. लॅपटॉपवर बोटं चालवण्यात वर्षं गेली, तरी एखादी गाडी सुरू झाली की तिचं काय दुखतंय हे मला आवाजावरून कळायचं, आणि ते मी कोणी न विचारता सांगायचो. बायको म्हणायची, हे तुझं जरा कमी कर.

२०२० च्या उन्हाळ्यात मी घरूनच काम करत होतो. आमचं भाड्याचं घर गावाबाहेर होतं आणि कुंपणापलीकडे ऐंशीच्या आसपासचे एक शेतकरी एकटेच राहायचे. एके दिवशी मी गवत कापायच्या मशीनचा कार्बोरेटर काढून भिंतीवर साफ करत बसलो होतो. ते पलीकडून बराच वेळ बघत उभे होते. मशीनकडे नाही, माझ्या हातातल्या पान्याकडे. मग म्हणाले, "तू हे आधी केलेलं आहेस."

"पुष्कळदा," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला शेडमध्ये बोलावलं. बायको कोविडच्या वॉर्डात काम करत होती, त्यामुळे ते दाराबाहेर दोन मीटरवर खुर्ची टाकून बसले आणि मला आत पाठवलं. आत राखाडी रंगाचा एक जुना, बुटका ट्रॅक्टर होता. त्याचं इंजिन बाहेर काढून, उलटं करून स्टँडवर चढवलेलं होतं, आणि बाजूच्या बाकावर तेलाच्या फडक्यात गुंडाळलेला क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा, सहा वर्षं तसाच पडून होता. ज्या वर्षी त्यांनी तो घासून आणला, त्याच वर्षी त्यांचे हात थरथरायला लागले. थरथर कसली, चहाचा कप अर्धा भरूनच द्यावा लागायचा.

"मी अर्ध्या पंचक्रोशीची इंजिनं बांधली," ते म्हणाले. "माझंच राहिलं."

त्यांनी माझी परीक्षा घेतली. प्रेसमध्ये, म्हणजे इथल्या बोलीत कपाटात, एक मायक्रोमीटर आणि एक गोल पिन होती. पिन मोजायला सांगितली. मी मोजली आणि आकडा सांगितला. त्यांनी खिशातून मळकी वही काढून बघितलं आणि म्हणाले, "ग्रँड." मला पहिल्या नंबराने पास झाल्यासारखं वाटलं. खोटं कशाला बोलू.

काम काय होतं ते सांगतो. क्रँक तीन बेअरिंगांमध्ये फिरतो. प्रत्येक बेअरिंग म्हणजे दोन अर्ध्या गोल वाट्या. एक वाटी इंजिनाच्या अंगात बसते, दुसरी वरून बोल्टाने आवळायच्या कॅपमध्ये. दांडा आणि वाटी यांच्यात अगदी थोडी फट ठेवायची असते, तेलाचा पापुद्रा मावेल एवढीच. फट कमी पडली तर तेल शिरत नाही आणि बेअरिंग जळतं. जास्त झाली तर तेलाचा दाब पडतो आणि दांडा ठोके द्यायला लागतो. या इंजिनाला दोन थाऊ फट हवी होती. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, आपला केस त्याच्या तिप्पट जाड असतो. एक थाऊच्या खाली जायचं नाही आणि अडीचच्या वर जायचं नाही, असं पुस्तकात छापलेलं होतं.

आणि या क्रँकला दुसरी संधी नव्हती. दांडा झिजला की तो घासून बारीक करतात आणि त्या मानाने जाड वाट्या बसवतात. हा तसा इतक्या वेळा घासून झाला होता की यापेक्षा जाड वाट्या कोणी बनवतच नव्हतं. त्यांनी मला ते स्पष्ट सांगितलं. हा बिघडला तर ट्रॅक्टर संपला. त्यांना तो शेतात चालवायचा नव्हता की प्रदर्शनात मिरवायचा नव्हता. कान शाबूत आहेत तोवर तो चालताना ऐकायचा होता, बस.

मी म्हणालो, "माझ्यावर सोडा."

सप्टेंबरभर मी रोज संध्याकाळी जाऊन इंजिन धूत होतो. तेलाच्या वाटा, गाळ, जुनी पॅकिंगं, एकेक बोल्ट. ते दारात बसून सूचना करत आणि मी त्यातल्या निम्म्या ऐकत असे. ऑक्टोबरात पुन्हा निर्बंध लागले, पाच किलोमीटरच्या पलीकडे जायचं नाही. माझ्या प्रवासाला शंभर पावलं पुरत होती.

आणि त्याच सुमारास दसरा आला.

बाबांच्या गॅरेजमध्ये खंडेनवमीला सगळे पाने, जॅक, हातोडे धुऊन एका ओळीत मांडायचे, त्यांना हळदकुंकू लावायचं आणि दसरा होईपर्यंत कोणी हत्याराला हात लावायचा नाही. मी देवधर्म फारसा करत नाही, पण उघडं इंजिन समोर असताना ती पूजा चुकवणं मला जमलं नसतं. सुपरमार्केटातून पिवळी शेवंतीसारखी दिसणारी फुलं आणली. बाकावर वर्तमानपत्र पसरून हत्यारं मांडली, क्रँक मांडला, सहाही वाट्या मांडल्या. हळदकुंकू पाण्यात कालवलं आणि प्रत्येकाला बोट लावत गेलो.

इथे मला माझ्या हुशारीचं कौतुक सांगायला हवं. वाटीची आतली बाजू आरशासारखी असते, दांडा तिच्यावरच फिरतो. तिथे कुंकू लागलं तर ओरखडे पडतील, एवढं मला समजत होतं. म्हणून मी वाट्या पालथ्या घालून पाठीवर बोट लावलं. मधल्या बेअरिंगची कॅप मानाची वाटली म्हणून तिच्या वाटीला दोन बोटं जास्त लावली आणि ती सवयीने लगेच कॅपमध्ये दाबून ठेवली.

म्हातारबुवा दारात टोपी काढून उभे होते. "आशीर्वाद आहे का हा?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो. ते घरात गेले आणि एक छोटी प्लास्टिकची बाटली घेऊन आले. तिच्यात चर्चमधलं पवित्र पाणी होतं, इथले जुने लोक ते शेतावर, गुरांवर शिंपडतात. हात थरथरत असल्यामुळे ते फार छान शिंपडलं गेलं, सगळ्या क्रँकवर. मी ओरडलोच. "अहो, गंज चढेल!" फडकं घेऊन मी शेवटचा थेंब टिपेपर्यंत थांबलो नाही. ते ओशाळून हसले. माझ्या दृष्टीने त्या दिवशी शेडमध्ये चूक फक्त त्यांनी केली होती.

दसऱ्यानंतर मी बाकावरच्या पाच वाट्या पुसल्या. मधल्या कॅपमधली वाटी दिसत होती तेवढी पुसली.

मग फट मोजायला घेतली. त्यासाठी मेणासारखा एक बारीक हिरवा धागा मिळतो. त्याचा तुकडा दांड्यावर ठेवायचा, कॅप ठरलेल्या जोराने आवळायची, दांडा अजिबात फिरवायचा नाही, आणि कॅप उघडून बघायचं की धागा किती रुंद चेपला गेला. जास्त चेपला म्हणजे फट कमी. पाकिटावरच पट्ट्या छापलेल्या असतात, त्यांच्याशी जुळवायचं. पुढचं बेअरिंग बरोबर दोन थाऊ. मागचं दोन. मधलं एक, म्हणजे थेट खालच्या मर्यादेवर.

पुन्हा मोजलं. एक. नवा धागा, तिसऱ्यांदा. एक.

"दांडा मध्ये जाड राहिलाय," मी जाहीर केलं. "घासणाऱ्याने काम धड केलेलं नाही."

त्यांनी मायक्रोमीटर घ्यायला सांगितला. मायक्रोमीटरने दांडा तिन्ही ठिकाणी सारखाच निघाला. यावर शहाण्या माणसाने काय करावं हे मला आज माहीत आहे. मी तेव्हा म्हणालो की तुमचा मायक्रोमीटर म्हातारा झालाय. ते म्हणाले, "आज काही करू नकोस. उद्या मी असताना बघू."

उद्या रविवार होता. टीव्हीवर लागणारा मास, म्हणजे चर्चमधली रविवारची प्रार्थना, ते चुकवत नसत. मी त्याच वेळी शेडमध्ये गेलो, बारीक एमरीची, म्हणजे लोखंड घासायच्या कागदाची, पट्टी तेलात भिजवली, मधल्या भागाभोवती गुंडाळली आणि बुटाची नाडी ओढावी तशी दोन्ही टोकं आळीपाळीने ओढत दांडा पॉलिश करायला लागलो. हे काम मी बाबांच्या हाताखाली पन्नासदा केलं असेल. हात आपोआप चालत होते. खूप बरं वाटत होतं. मोजून अर्धा थाऊ काढला. त्यांनी येऊन बघावं आणि म्हणावं, झालं की, असा माझा बेत होता.

धागा ठेवला, आवळलं, उघडलं. दीड थाऊ. म्हणजे अजून अर्धा काढला की काम फत्ते. पट्टी पुन्हा हातात घेताना माझ्या कोपराचा धक्का कॅपला लागला आणि आतली वाटी निसटून बाकावर पालथी पडली.

तिच्या पाठीवर माझ्या बोटांचे ठसे होते. तीन, पिवळट लाल, दाबून दाबून कागदासारखे सपाट झालेले. हळदकुंकवाचा तो थर वाटी आणि कॅप यांच्यामध्ये बसून वाटीला दांड्याकडे ढकलत होता. दांड्यात काहीच खोट नव्हती. घासणाऱ्याने काम चोख केलं होतं, मायक्रोमीटर खरं सांगत होता, आणि मी एका चांगल्या, शेवटच्या मापाच्या क्रँकवरून अर्धा थाऊ लोखंड कायमचं काढून टाकलं होतं.

वाटी स्वच्छ पुसली. पुन्हा मोजलं. अडीच. पुस्तकातली शेवटची मर्यादा. त्यापुढे कड्याचं टोक.

मी शेडच्या मागे जाऊन नागपूरला फोन लावला. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि आधी पोटभर हसले.

"पाठीले लावलं? अबे, आपल्या गॅरेजमधी ब्लॉकले बाहेरून लावत होतो. आत बोट घालाले कोनं सांगितलं तुले?"

"बाबा, आता काय करू?"

"काय करतं? अर्ध्या थाऊनं काय होते? फिट कर अन् चूप बस. बुढ्याले काय समजते."

"त्यांना समजतं, बाबा."

"मंग मले काहून विचारून राहिला?" असं म्हणून बाबांनी फोन ठेवला.

मास संपल्यावर मी म्हातारबुवांच्या दारात गेलो आणि सगळं सांगितलं. वाटी दाखवली, एमरीची पट्टी दाखवली, आकडे सांगितले, अडीच अजून मर्यादेत बसतं हे दोनदा सांगितलं. त्यांनी वाटीकडे बघितलं नाही. हात पुढे केला आणि म्हणाले, "शेडची किल्ली." मी दिली. त्यांनी दार लावून घेतलं.

त्या दिवशी मी जेवलो नाही. बायको हॉस्पिटलातून आली, तिलाही सगळं सांगितलं. ती बूट काढता काढता म्हणाली, "अरे, पण तू सॉरी म्हणालास, की नुसतं एक्सप्लेन करत बसलास?"

मी आठवून बघितलं. सॉरी म्हणालोच नव्हतो.

पुढचे तीन आठवडे ते कुंपणाकडे फिरकले नाहीत. मी एक चिठ्ठी लिहून त्यांच्या पत्रपेटीत टाकली, त्यात आकडे नव्हते, माफी होती. उत्तर आलं नाही. शेडच्या खिडकीतून ते इंजिन उलटं पडलेलं दिसायचं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच मला माझ्या हातांचा राग आला. मीटिंगमध्ये लोक बोलत असत आणि मी त्या अर्ध्या थाऊचा हिशोब करत असे. तेल जरा जाड घातलं तर? वेग कमी ठेवला तर? पण काढलेलं लोखंड परत कुठे लागतं.

डिसेंबरात एका दुपारी ते स्वतः आले. आमच्या फाटकाबाहेर उभे राहिले, एक हात खिशात, दुसऱ्यात किल्ली खुळखुळत होती.

"एक गोष्ट सांगतो," ते म्हणाले. "तू कोणाला सांगू नकोस."

इथे ज्याचं नाव घ्यायचं नसतं त्याला युअर मॅन म्हणतात. पस्तीस-चाळीस वर्षांपूर्वी युअर मॅनच्या ट्रॅक्टरचं इंजिन त्यांनी बांधलं होतं. क्रँक पॉलिश करताना त्यांचं लक्ष विचलित झालं आणि माझ्यापेक्षा जास्त लोखंड गेलं. बराच जास्त. गवत कापायचे दिवस होते, ट्रॅक्टर त्याला लगेच हवा होता. त्यांनी जाड तेल घातलं, इंजिन बंद केलं आणि तोंडही बंद केलं.

"तीस वर्षं आम्ही मासला एका बाकावर बसलो. त्याचा ट्रॅक्टर माझ्या दारावरून जायचा आणि मला ठोका ऐकू यायचा. तो काही मेकॅनिक नव्हता. वर बसलेल्याला एवढ्या आवाजात ते ऐकू येत नाही, असं मी स्वतःला सांगत आलो. तो गेला, त्यालाही आता सहा वर्षं झाली." किल्ली त्यांनी फाटकावर ठेवली. "तू त्याच दिवशी, मी पुरता दारातही आलो नव्हतो, तर सांगून टाकलंस. मला तुझा राग आला नव्हता. म्हणजे, आला होता. पण तेवढाच नव्हता. जा, मधलं बसव."

या वेळी मी आधी सॉरी म्हणालो. मग किल्ली उचलली.

हिवाळाभर मी इंजिन बांधलं, आणि चांगलं बांधलं. प्रत्येक वाटीची पाठ तीनतीनदा पुसली, आणि मधली बसवताना त्यांना दाराजवळ बोलावून दाखवली. एप्रिलमध्ये इंजिन ट्रॅक्टरवर चढलं. मी हँडल मारलं. पाचव्या झटक्याला ते खोकललं, सहाव्याला चालू झालं. तेलाच्या दाबाचा काटा वर चढला आणि थांबला. मी हवेत मूठ उगारून मराठीत काहीतरी ओरडलो.

"तू चालव," ते म्हणाले. "मी ऐकतो."

मी वर बसलो आणि त्यांच्या लेनमधून रस्त्यापर्यंत गेलो. इंजिन ठणठणीत होतं. फक्त सुरुवातीला, तेल गार असताना, पायाखालून अगदी हलका ठोका येत होता. टक, टक. दुसऱ्या कोणाला कळलाही नसता. मी वळवून परत आलो, तोवर इंजिन तापलं होतं आणि ठोका गेला होता. ते फाटकाला टेकून डोळे मिटून उभे होते.

"मधलं," ते म्हणाले. "गार असताना."

"हो," मी म्हणालो. "माझ्यामुळे."

त्यांनी हात झटकला, त्याचं त्यांना काही नव्हतं. ते दुसऱ्याच विचारात होते. "तुला वर ऐकू आलं?"

"पहिल्या वीस यार्डांत."

"इंजिनाच्या आवाजातून? वर बसून?"

"स्पष्ट," मी म्हणालो. आणि मग ते काय विचारतायत ते माझ्या लक्षात आलं, पण शब्द परत घ्यायला उशीर झाला होता.

इंजिन चालूच होतं.

"त्याचा तर याहून कितीतरी मोठा होता. म्हणजे त्यालाही येत होता," ते म्हणाले. "तीस वर्षं. आणि दर रविवारी सरकून मला जागा करून द्यायचा."

मी इंजिन बंद करायला हात पुढे केला. त्यांनी मान हलवून नको म्हटलं, टोपी नीट केली आणि मला सांगितलं, "अजून एकदा जाऊन ये. चौकापर्यंत."